पस्तिशीनंतर गाण्याच्या क्लासला गेलं तर नेमकं काय शिकवतात? घरी रियाज कसा करायचा?

तुम्ही लिहिलंय की वय छत्तीस, नोकरी आहे, वन बीएचके, आजवर गाणं म्हणजे अंताक्षरी आणि ऑफिसच्या पार्टीतलं कराओके, आणि तीन महिन्यांत एखादं नाट्यगीत बऱ्यापैकी म्हणता येईल का. तर शेवटच्याचं आधी सांगतो, नाही येणार. पण तीन महिन्यांत दुसरं काहीतरी होतं आणि माझ्या मते ते जास्त कामाचं आहे.

मी काही गायक नाही, दिवसभर नोकरी आणि संध्याकाळी शास्त्रीयचा क्लास यातला माणूस. हल्ली नवीन बॅच आली की त्यांना तानपुऱ्यावर बसवून सा लावून घ्यायचं काम बाई माझ्याकडे देतात, त्यामुळे सुरुवातीला मोठ्या माणसांचं काय काय होतं ते जवळून बघायला मिळतं.

पहिल्या एकदोन तासांत तुमची पट्टी बघतील, म्हणजे पेटीच्या पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांपैकी कुठल्या पट्टीला तुमचा सा धरायचा ते. साधारण बायकांची पांढरी पाच, काळी चार, काळी पाच अशी कुठेतरी बसते आणि पुरुषांची पांढरी एक ते काळी दोनच्या आसपास, पण हे काही आधार कार्डावर छापलेलं नसतं. खाली मंद्र पंचम (खालच्या सप्तकातला प) ऐकू येण्याइतका लागतोय का आणि वर तार गंधारापर्यंत (वरच्या सप्तकातल्या ग पर्यंत) न किंचाळता जाता येतंय का, एवढं बघायचं. ग्रुपच्या क्लासमधे इथेच गोची होते, सगळ्यांना एकच पट्टी, मग कुणीतरी सतत ताणून गातंय आणि कुणीतरी घशातल्या घशात. तुम्हाला ताण येत असेल तर पहिल्याच महिन्यात सरळ सांगा, लाजू नका.

मग सा. नुसता सा, आकारात म्हणजे 'आ' म्हणत, श्वास पुरेल तोवर. मग सगळे शुद्ध स्वर, मग पलटे, सारेग रेगम गमप वगैरे, आधी सरगम म्हणून आणि मग तेच आकारात, एकपट लय जमली की दुप्पट. बऱ्याच जणांना हे बालवाडीत बसवल्यासारखं वाटतं. नंतर बहुतेक ठिकाणी भूप किंवा यमन राग येतो. भूपात मध्यम (म) आणि निषाद (नी) नाहीत म्हणून पाचच स्वरांत काम भागतं, यमनात तीव्र मध्यम (नेहमीच्या म पेक्षा चढा म) आला की नवीन माणूस हमखास शुद्ध मध्यमावर घसरतो. बरोबर एखादी त्रितालातली छोटी बंदिश (रागात बांधलेली चीज), सोळा मात्रा, हाताने टाळी-खाली देत गायची, खाली म्हणजे टाळी न वाजवता हात नुसता बाजूला न्यायचा. गंमत म्हणजे आवाजापेक्षा लोकांची जास्त त्रेधा या हातानेच उडते, नवव्या मात्रेला खाली द्यायची तर तोंड थांबतं.

आता मुद्द्याचं. क्लास लावल्याने आवाजाचा पोत बदलत नाही, जो आहे तो आहे. सुधारतो तो सूर, दम आणि स्वरावरचा ठेहराव, आणि त्याच्याही आधी सुधारतो कान. त्यामुळे काही आठवड्यांनी एक वाईट टप्पा येतो, आधी छान गात होतो आणि आता बिघडलं असं वाटायला लागतं. बिघडलेलं काही नसतं, आधीही कणसूर होताच, म्हणजे सूर जरासा हललेला, फक्त तो आता ऐकू यायला लागला आणि गळा अजून मागे आहे. माझ्या समोर जेवढे लोक क्लास सोडून गेले त्यातले बहुतेक याच टप्प्यावर गेले, आणि प्रत्येकाने कारण दिलं वेळ मिळत नाही.

घरच्या रियाजाला तानपुऱ्याचं मोबाईल ॲप पुरे. आपली पट्टी लावायची, फोन छोट्या स्पीकरला जोडायचा, हेडफोन घातलेच तर एक कान मोकळा, नाहीतर आपलाच आवाज आपल्याला नीट कळत नाही. रोज वीस मिनिटं करा, रविवारी सलग दोन तास करून गळा बसवून घेण्यात काही अर्थ नाही. सकाळी खर्जाचा म्हणजे खालच्या स्वरांचा रियाज करा असं सगळेच सांगतात आणि ते बरोबर आहे, पण डबे भरायच्या वेळेला कुठला खर्ज! संध्याकाळी करा, चालतं. आधी सा, मग सावकाश एकेक स्वर खाली मंद्रात, जिथे आवाज घरघरायला लागेल तिथून परत फिरायचं, दाबून खाली जायचं नाही. मग पलटे विलंबित म्हणजे संथ लयीत, शेवटी बंदिश. शेजाऱ्यांची काळजी नको, बोलतो त्यापेक्षा थोडासाच मोठा आवाज पुरतो, फक्त पुटपुटू नका.

पेटी घरात असेल तर सतत तिच्याबरोबर गाऊ नका. पेटीवर स्वर वाजवा, सोडा, तानपुऱ्यावर गा, मग परत वाजवून ताडून बघा. सतत पेटी असली की आपला बेसूरपणा तिच्याखाली झाकला जातो. शिवाय तानपुऱ्याशी मिळालेला शुद्ध गंधार पेटीतल्या गंधारापेक्षा जरासा उतरलेला असतो आणि पेटीत मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं) निघत नाही, असल्याच कारणांनी आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीवर बंदी घातली होती. एवढं टोकाचं मला पटत नाही, साथीला पेटीच छान वाटते, पण शिकताना तिच्या कुबड्या नकोत. सूर बरोबर की चूक ते काट्याने दाखवणारी ॲप्ससुद्धा मी टाळायला सांगतो, माणूस ऐकायचं सोडून स्क्रीनकडे बघत बसतो.

रेकॉर्डिंग मात्र जरूर करा. पहिल्यांदा ऐकून हा कुणाचा पातळ आवाज असं होईल. बोलताना-गाताना आपला आवाज आपल्याला हाडांमधूनही ऐकू येतो म्हणून तो आतून भरीव वाटतो, फोनला ती सोय नाही. आवाजाकडे दुर्लक्ष करा आणि फक्त सूर कुठे सुटला ते ऐका, तेही लगेच नाही, दुसऱ्या दिवशी.

घशाचं म्हणाल तर गाऊन दुखायला लागलं की त्या दिवशी बंद. सारखं खाकरू नका, आणि आवाज बसलेला असताना कुजबुजूही नका, त्यानेही ताण येतो, गप्प बसणं उत्तम. ज्येष्ठमध, कोमट पाणी खुशाल घ्या, बरं वाटतं, पण आपण पितो ते अन्ननलिकेतून जातं, स्वरयंत्रावर थेट काही पडत नाही, त्यामुळे दिवसभर पाणी पीत राहणंच खरं कामाचं. ॲसिडिटीनेही आवाज खराब होतो हे लोकांच्या गावी नसतं. दोन-तीन आठवडे झाले तरी घोगरेपणा गेला नाही तर काढे करत न बसता कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा.

गांधर्वच्या (गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या) संगीताच्या परीक्षा द्याव्यात का हे तुम्ही विचारलं नाहीये पण क्लासमधे कुणीतरी विचारेलच. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा करत विशारदपर्यंत जाता येतं. शिस्त हवी असेल तर द्या, हौसेखातर शिकत असाल तर पहिलं वर्ष तरी नको, नाहीतर रागांची पाठांतरं होतात आणि सा तसाच डळमळीत राहतो. नाट्यगीताची हौस आहे तर आधी एखादा साधा अभंग किंवा भावगीत बसवा, नाट्यगीतातल्या ताना वर्षभराने बघू.

क्लास निवडताना एक तास बसून बघायची परवानगी मागा आणि शिक्षक एकेकाला वेगळं गायला लावून दुरुस्त करतात का ते बघा. सगळे मिळून ट्रॅकवर गाणी म्हणतायत असं दिसलं तर ती मजा आहे, शिकवणी नव्हे. ऑनलाइनही शिकता येतं, पण आवाज उशिरा पोचतो म्हणून बरोबर गाता येत नाही, गुरू गाणार, मग तुम्ही, असंच करावं लागतं. आणि झूमवर असाल तर सेटिंगमधे जाऊन ओरिजिनल साउंड चालू करा, नाहीतर ते तुमच्या तानपुऱ्याला पंख्याचा आवाज समजून कापून टाकतं आणि समोरच्याला तुमचा सा कशाशी ताडायचा तेच कळत नाही.