पहाटे पाचची यादी

प्रश्न : कर्वेनगरला माझा डब्यांचा व्यवसाय आहे. भाच्याने ब्राउझरमध्ये उघडणारं एक पान करून दिलंय, त्यातून रोजची यादी निघते. पहाटे पाचला काढली की यादीवर कालची तारीख येते. भाचा दुपारी येऊन बघतो तेव्हा बरोबर असते. शिवाय ३१ जानेवारी २०२४ ला पैसे भरलेल्या मुलाची महिन्याची मुदत थेट २ मार्चला संपली. असं का होतं?

उत्तर : ताई, तुम्ही वेळ लिहिलीत तिथेच निम्मं काम झालं. भाच्याचं पान ज्या भाषेत लिहिलेलं असतं त्या जावास्क्रिप्टची ‘डेट’ (तारीख-वेळ ठेवायची सोय) म्हणजे मुळात १ जानेवारी १९७० पासून मोजलेले मिलिसेकंद, तेही जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे (यूटीसी). आपलं घड्याळ तिच्या साडेपाच तास पुढे. पुण्यात पहाटेचे पाच वाजतात तेव्हा जागतिक वेळेत आदल्या रात्रीचे साडेअकराच झालेले असतात. भाच्याने बहुतेक ‘टू-आयएसओ-स्ट्रिंग’ची (तारीख-वेळ मजकुरात लिहून देणारी आज्ञा) पहिली दहा अक्षरं तारीख म्हणून घेतली असणार, आणि ती जागतिक वेळेची असतात. त्याऐवजी ‘गेट-फुल-इयर’, ‘गेट-मंथ’ आणि ‘गेट-डेट’ वापरायला सांगा; त्या आज्ञा वर्ष, महिना आणि तारीख संगणकाच्या स्थानिक वेळेप्रमाणे देतात. महिने शून्यापासून मोजतात, म्हणून महिन्यात एक मिळवायचा.

एका वसतिगृहाच्या हजेरीत माझ्याच हातून हे झालं होतं. मध्यरात्रीनंतर आलेली मुलं आदल्या दिवशी हजर दिसत होती. दिवसाउजेडी कितीही तपासलं तरी ही चूक सापडत नाही. भाच्याने संगणकाचं घड्याळ पावणेपाचला लावून बघावं.

आता मुदत. ‘सेट-मंथ’ने महिना एकने वाढवला की ३१ फेब्रुवारी होते. तशी तारीख नसते, पण जावास्क्रिप्ट तक्रार न करता उरलेले दिवस पुढच्या महिन्यात ढकलतं. २०२४ च्या फेब्रुवारीत २९ दिवस होते, उरले दोन, म्हणून २ मार्च. आधी पुढच्या महिन्याचा शेवटचा दिवस काढायचा (त्याच्याही पुढच्या महिन्याची ‘शून्य’ तारीख मागितली की तो मिळतो) आणि तो व हवी ती तारीख यांतली लहान घ्यायची.

तुमचे काही डबे परगावच्या मुलांचे असतील आणि एखाद्याची आई अमेरिकेतून हिशोब बघत असेल, तर आणखी एक काळजी घ्या. नुसती ‘२०२४-०८-१५’ अशी लिहिलेली तारीख ‘न्यू डेट’ला (नवी तारीख तयार करणारी आज्ञा) दिली की ती जागतिक मध्यरात्र धरली जाते. पुण्यात तारीख १५च दिसते, न्यूयॉर्कला १४.

दुरुस्तीनंतर, पहाटे साडेपाचच्या आत झालेल्या जुन्या नोंदी मात्र वहीशी ताडून बघा. त्यात कुणाचा एक डबा कमी-जास्त लागला असेल.