पडण्याच्या धास्तीने थांबलेले पाऊल

प्रश्न : माझे वडील ७२ वर्षांचे आहेत. गेल्या पावसाळ्यात वावराच्या धुऱ्यावरून पाय घसरून ते पडले. हाड मोडले नाही, मुका मार तेवढा लागला. परंतु तेव्हापासून ते ओसरीतल्या बाजेवरून फारसे उठत नाहीत. ‘पायांवर भरवसा राहिला नाही,’ असे म्हणतात. आम्हीही त्यांना पाण्याची बादली उचलू देत नाही आणि अंगणात जायचे झाले तरी कोणीतरी त्यांचा हात धरतो. त्यांनी पुन्हा पूर्वीसारखे चालावे, यासाठी काय करावे?
— एक वाचक, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : आपल्या वडिलांचा मार भरून आला असला, तरी पडण्याची धास्ती अजून गेलेली नाही, आणि वृद्धांमध्ये ही धास्ती फार आढळते. भीतीमुळे हालचाल कमी होते, त्यामुळे मांड्यांचे स्नायू क्षीण होतात आणि तोल सावरण्याची सवय मोडते. मग पुन्हा पडण्याचा धोका खरोखरच वाढतो. आपण मायेने त्यांची कामे काढून घेतलीत हे मी समजू शकते, पण त्यामुळे ‘आता आपल्याच्याने होणार नाही’ हा त्यांचा समज पक्का होत गेला आहे.

आल्बर्ट बांदुरा या मानसशास्त्रज्ञांनी १९७७ साली मांडले की, एखादे काम आपल्याला जमेल हा विश्वास सर्वांत अधिक बळावतो तो ते काम स्वतः पार पाडल्याने. आपल्यासारख्याच दुसऱ्याला ते करताना पाहणे आणि इतरांनी धीर देणे यांचाही उपयोग होतो, परंतु तो त्या खालोखाल. म्हणून नुसते ‘बाबा, घाबरू नका’ म्हणण्यापेक्षा त्यांना हमखास जमेल असे लहान काम रोज द्यावे.

त्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात त्यांची तपासणी करून घ्या. उभे राहिल्यावर रक्तदाब उतरतो का, मोतीबिंदू आहे का, झोपेच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्यांनी चक्कर येते का, हे डॉक्टरांना आवर्जून विचारा.

सुरुवात खुर्चीपासून करावी. बाज सखल असते आणि मध्ये झोळ पडलेला असतो, त्यामुळे तिच्यावरून उठणे तरण्या माणसालाही जड जाते. भिंतीला टेकवलेल्या भक्कम लाकडी खुर्चीवरून, आरंभी हातांचा आधार घेऊन आणि पुढे आधाराविना, सावकाश उठणे व बसणे हाच मांड्यांसाठी उत्तम व्यायाम आहे. ओसरीचा खांब धरून टाचा उचलणे, नंतर एका पावलापुढे दुसरे पाऊल ठेवून उभे राहणे, यांनी तोल सुधारतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ६५ वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्यातून किमान ३ दिवस तोल आणि ताकद यांवर भर देणारे व्यायाम करावेत, तसेच आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी. हा आकडा पाहून दडपून जाऊ नये. जेवढे झेपेल तेवढ्याने आरंभ करून हळूहळू वाढवावे, असेच त्या सूचनाही सांगतात. छातीत दुखल्यास, धाप लागल्यास किंवा चक्कर आल्यास मात्र तत्काळ थांबून डॉक्टरांना दाखवावे.

जमिनीवरून उठण्याचा सरावही त्यांच्याकडून अवश्य करून घ्यावा, कारण ‘पडलो तर उठणार कसा’ हा विचार अनेकांना आतून पोखरत असतो. कुशीवर वळावे, हात व गुडघे टेकावेत, रांगत खुर्चीपर्यंत जावे, तिचा आधार घेऊन एक पाय रोवावा आणि उठावे. प्रथम हे गोधडीवर, कोणीतरी जवळ असताना करावे. गुडघे फार दुखत असतील तर फिजिओथेरपिस्टचा सल्ला घ्यावा.

घरात न्हाणीजवळचे शेवाळ घासून काढा, रात्री गोठ्याच्या वाटेवर दिवा ठेवा आणि सैल चपलेऐवजी मागे पट्टा असलेली चप्पल त्यांना द्या. काठीची मूठ, हात सरळ सोडला असता मनगटाच्या रेषेपर्यंत यावी आणि काठी अधिक दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेव्हा चालणे सकाळी ऊन तापण्याआधीच उरकावे.

घरात पाय स्थिरावले की त्यांना वावरात न्या. काळी माती ओली असताना पायांना चिकटते आणि घसरतेही, म्हणून पहिली फेरी कोरड्या दिवशी, सपाट पांदण रस्त्याने करावी. त्यांच्या वयाचा एखादा चालता सोबती मिळाल्यास उत्तम. त्या वेळी आपण त्यांचा दंड धरू नये, एक पाऊल मागे व जरा बाजूने चालावे, आणि कुठे थांबायचे व कुठून परतायचे हे त्यांनाच ठरवू द्यावे.