क्रिप्टो टोकन घेताय? आधी पुरवठा बघा

‘दोन रुपयांना एक, म्हणजे स्वस्त’ ही नवख्यांची नेहमीची चूक. शिवाय टोकन म्हणजे शेअर नव्हे. युनिस्वॅप या क्रिप्टो अदलाबदलीच्या सेवेचं युनी हे टोकन घेतलंत तर प्रोटोकॉलच्या, म्हणजे ती सेवा चालवणाऱ्या कोड-नियमांच्या, निर्णयांवर मत देता येतं. ती बनवणाऱ्या युनिस्वॅप लॅब्स या कंपनीत हिस्सा मिळत नाही.

सध्या एवढंच तपासा:

- पुरवठा: समजा, एका टोकनचा भाव २ रुपये, बाजारात १० कोटी टोकन, एकूण १०० कोटी. दिसणारं मूल्य २० कोटी रुपये, पूर्ण हिशेबाने २०० कोटी. उरलेली ९० कोटी कोणाकडे आहेत, विक्रीला कधी खुली होणार? संस्थापकांनी ती विकायला काढली की चांगल्या प्रकल्पाचाही भाव पडतो.
- गरज: टोकन काढून टाकलं तरी प्रकल्प चालेल का? चालत असेल तर घेऊ नका.
- कर: भारतात नफ्यावर ३० टक्के, तोटा वजा होत नाही.

चार्ट वगैरे नंतर.