कुडाळच्या जि.प. शाळेत पहिली-दुसरीला शिकवताना, नोकरी न सोडता वाचन-लेखन शिकवण्यात एम.ए. करता येईल का?

हो, इग्नू या मुक्त विद्यापीठाच्या दूरस्थ एम.ए. (शिक्षणशास्त्र) मधून करता येईल. पदवीच्या नावात ‘साक्षरता’ नसली तरी बिघडत नाही, कारण अभ्यासक्रमात लघुप्रबंध असतो आणि तिथे तुमच्याच वर्गातलं वाचन घेता येतं. मी तर म्हणेन, विषय हातातच आहे. पाठातलं ‘मला’ एखादं पोर मोठ्याने घरच्या मालवणीत ‘माका’ वाचतं. ते चुकलं म्हणायचं का? अर्थ कळल्याशिवाय ‘माका’ येणारच नाही. तेच ‘मला’चं ‘माळ’ केलं, तर ते नुसतं अक्षरांवरून अंदाज मारतंय. अशा नोंदी वर्षभर तारीखवार ठेवल्या की निम्मं काम झालं. सोबतीला कोकणातलाच मोठा अभ्यास आहे: पालघरमधल्या वाडा तालुक्यात आणि कर्नाटकातल्या यादगीरमध्ये मुलं वाचायला कशी शिकतात हे काही वर्षं पाहिलं गेलं, ‘लिरिल’ या नावाने. तो अहवाल आधी वाचा, मग विषय ठरवा. मात्र इग्नूचं माध्यम इंग्रजी किंवा हिंदी, मराठी नाही. आणि नुसतं बारावी-डी.एड. असेल तर आधी पदवी लागेल. खात्याच्या परवानगीचा अर्ज प्रवेशाआधीच टाका.