माडावरच्या गेंड्या भुंग्याला एचएएनपीव्ही चालेल का?

तुमच्या भावाने हरभऱ्यावर एचएएनपीव्ही फवारलं आणि घाटे अळी आटोक्यात आली, म्हणून तेच माडावर मारायचा विचार दिसतोय. पैसे वाचवा. एचएएनपीव्ही हा घाटे अळीला रोग लावणारा विषाणू आहे, भुंग्याला त्याचं काही सोयरसुतक नाही.

पण भुंग्याचाही स्वतःचा विषाणू आहे. १९६३ साली हुगर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाला तो मलायात (आताच्या मलेशियात) सापडला. तो फवारत मात्र नाहीत. एचएएनपीव्हीला प्रथिनाचं कवच असतं, म्हणून तो बाटलीत टिकतो. याला तसं कवच नाही, उघड्यावर फार दिवस तग धरत नाही. मग भुंगेच पकडायचे, त्यांना विषाणूचं पाणी पाजायचं आणि पुन्हा वाडीत सोडायचे! आमच्या काकांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या." पण मेख तिथेच आहे. लागण झालेला भुंगा लगेच मरत नाही. त्याचं खाणं मंदावतं, मादी अंडी कमी घालते, पण उडणं चालू असतं. जिथे जाईल तिथे विष्ठेतून विषाणू टाकतो, जोडीदाराला देतो, गायरीत (शेणखताच्या खड्ड्यात) शिरला की तिथल्या अळ्यांना. अळ्या मात्र मरतात. शिफारस हेक्टरी १० ते १५ भुंग्यांची आहे, एवढ्यावर भागतं ते यामुळेच.

पॅसिफिक महासागरातल्या सामोआ बेटांवर हा भुंगा १९०९ मध्ये सिलोनहून आलेल्या रबराच्या रोपांबरोबर पोचला होता. तिथे १९६७ मध्ये विषाणू सोडल्यावर माडांचं नुकसान बरंच उतरलं. आपल्याकडे लक्षद्वीपच्या मिनिकॉय बेटावरही तो सोडला गेला आणि उपयोग झाला. उलट पॅसिफिकमधल्याच ग्वाम बेटावर २००७ साली जो भुंगा आढळला तो वेगळ्या वाणाचा निघाला, जुना विषाणू त्याला बाधेना. तेव्हा हा कायमचा तोडगा समजू नका.

लागण केलेले भुंगे दुकानात मिळत नाहीत. केरळातल्या कासरगोडच्या केंद्रीय रोपण पिके संशोधन संस्थेकडे किंवा आपल्या रत्नागिरीजवळच्या भाट्ये नारळ संशोधन केंद्रात विचारा. तोवर गायरी उपसा. मी दोन वर्षं शेंड्यातून आकड्याने भुंगे काढत बसलो आणि अळ्या निघाल्या कुंपणाशी पडलेल्या कुजक्या माडाच्या ओंडक्यात, मूठ मूठ भरून. ओंडका फोडून जाळला. गायरीत हिरव्या मस्कार्डिन बुरशीचं कल्चर मिसळलं, तीही अळ्यांना मारते. कोवळ्या माडांच्या वरच्या झावळ्यांच्या बेचक्यात निंबोळी पेंड आणि वाळू भरली, ते अजून दर पावसाळ्याआधी करतो.