कढीपत्त्यावरची भावंडं

प्रश्न : आमच्या अंगणातल्या कढीपत्त्यावरच्या पाच अळ्या मुलीने बरणीत वाढवल्या. अळ्या सगळ्या सारख्या, कोषही सारखेच. पण तीन फुलपाखरांच्या काळ्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची माळ निघाली आणि दोघांच्या पंखांवर लाल ठिपके. या दोन जाती का? शिवाय एका जुन्या पुस्तकात याचं नाव ‘पॅपिलिओ पॅमन’ आहे, नव्यात ‘पॅपिलिओ पॉलिटीस’. खरं कोणतं? (एक वाचक, सातारा)

उत्तर : जात एकच आहे, कॉमन मॉरमॉन. लाल ठिपकेवाल्या दोघी माद्या. माळवाले बहुधा नर. बहुधा अशासाठी, की काही माद्या थेट नराचंच रूप घेऊन येतात. म्हणजे माद्यांची तीन रूपं. एक नरासारखं, एक कॉमन रोझ या फुलपाखरासारखं आणि तिसरं क्रिमझन रोझसारखं. ही दोन्ही रोझ फुलपाखरं अळी असताना सापसंदाची विषारी पानं खातात. ते विष अंगात उरतं, म्हणून पक्षी त्यांच्या वाटेला जात नाहीत. मॉरमॉनच्या अंगात तसलं विष नाही, पण त्या वेशाचं संरक्षण तिला मिळतं.

वेश ओळखायची खूण सोपी आहे. पंख सोडून पोट बघा. खऱ्या रोझचं पोट लाल असतं, मॉरमॉनचं काळं. माझ्या परसातल्या ईडलिंबावर अंडी घालणारी ‘रोझ’ पहिल्यांदा दिसली तेव्हा मी तासभर तिथून हलले नाही. रोझ लिंबावर अंडी घालत नाही हे मला ठाऊक होतं. ती पान वाकवून टेकली, काळं पोट दिसलं आणि उलगडा झाला.

आता नावाचं. स्वीडनचा निसर्गशास्त्रज्ञ कार्ल लिनियस याने १७५८ साली प्राण्यांना दोन शब्दी नावं दिली, तेव्हा सगळी फुलपाखरं ‘पॅपिलिओ’ या एकाच प्रजातीत (म्हणजे जवळच्या जातींच्या गटात) घातली. मोठ्या फुलपाखरांसाठी त्याने ग्रीक पुराणकथांमधल्या ट्रॉयच्या युद्धातल्या माणसांची नावं घेतली. त्याच्यासमोर होते टाचणीला लावलेले, दूरदेशीहून आलेले नमुने. अळी नाही, कोष नाही, झाड नाही. त्यामुळे माळवाल्या नराला त्याने पॅमन म्हटलं आणि लाल ठिपक्यांच्या मादीला पॉलिटीस. पॅमन आणि पॉलिटीस हे दोघे ट्रॉयच्या प्रायम राजाचे मुलगे. एकाच जातीचे नर-मादी कागदावर दोन भाऊ झाले! १७७५ साली क्रेमर या डच कीटक-अभ्यासकाने तिसऱ्या, क्रिमझन रोझसारख्या रूपाला ‘रोम्युलस’ अशी वेगळी जात ठरवलं. ही सगळी एकाच जातीची रूपं आहेत हे आल्फ्रेड रसेल वॉलेस या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने १८६५ साली नीट मांडलं. जात एक ठरली की नावही एकच उरतं. ‘पॉलिटीस’ राहिलं, ‘पॅमन’ गेलं. तुमचं जुनं पुस्तक त्याच्या काळापुरतं बरोबर होतं. रोम्युलस हे नाव मात्र आजही आपल्याकडच्या उपजातीला लावतात.

या रूपांमागचं कारण अलीकडे सापडलं. २०१४ साली फुलपाखरांचे अभ्यासक कृष्णमेघ कुंटे आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की हा पंखांवरचा फरक ‘डबलसेक्स’ या एकाच जनुकामुळे होतो. मला हे वाचून फार आनंद झाला होता.

प्रश्न : फुलपाखराच्या शास्त्रीय नावापुढे ‘लिनियस, १७५८’ कधी कंसात असतं, कधी कंसाविना. ही छपाईची चूक का? (एक विद्यार्थिनी, गोवा)

उत्तर : चूक नाही. कंस म्हणजे नाव देणाऱ्याने ती जात ज्या प्रजातीत घातली होती, तिथून ती नंतर हलवली गेली. क्रिमझन रोझ आता ‘पॅक्लिओप्टा हेक्टर’, म्हणून तिथे लिनियस कंसात. पॉलिटीस अजून पॅपिलिओतच आहे, तिथे कंस नाही.

साताऱ्याच्या वाचकांनी मुलीला एवढं विचारून कळवावं : लाल ठिपकेवाल्या दोघींच्या मागच्या पंखांवर मधोमध पांढरा डाग होता का? असेल तर कॉमन रोझचं रूप. नसेल आणि पुढच्या पंखांवर रुंद पांढरे पट्टे असतील, तर क्रिमझन रोझचं.