पेशींच्या अंगावरची साखर

आपल्या प्रत्येक पेशीच्या बाहेरच्या अंगाला साखरेच्या लहान-मोठ्या साखळ्या असतात. कुणाला धरायचं आणि कुणाला सोडायचं, हे पेशी बऱ्याच अंशी त्यांच्यावरून ठरवतात, असं मागच्या वेळी लिहिलं होतं. त्यावर आलेले काही प्रश्न.

मला मधुमेह आहे. माझ्या पेशींवरही साखर जास्त असेल का? (सातारा)

नाही. रक्तातलं ग्लुकोज हे इंधन आहे. पेशीवरच्या साखळ्या गॅलॅक्टोज, मॅनोज, फ्यूकोज, सियालिक आम्ल अशा घटकांच्या असतात आणि पेशी त्या स्वतःच्या विकरांकडून (एन्झाइमांकडून) एकेक घटक जोडत बांधून घेते. तुम्ही दर तीन महिन्यांनी करता ती एचबीए१सी तपासणी वेगळी. तिथे ग्लुकोज विकराविना आपोआप हिमोग्लोबिनला चिकटलेलं असतं.

रक्त इतक्या वेगाने वाहतं, मग पांढऱ्या पेशी नेमक्या काटा रुतलेल्या जागीच कशा थांबतात? (बारावी, लातूर)

फार चांगला प्रश्न. सूज आलेल्या जागची बारीक शीर सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तर मधून तांबड्या पेशींचा लोंढा जाताना दिसतो आणि कडेने, भिंतीला लगटून, पांढऱ्या पेशी गोटीसारख्या सावकाश गडगडत असतात. प्रवाह त्यांना पुढे रेटत असतो, भिंत मागे ओढत असते.

भिंतीकडून ओढणारी प्रथिनं म्हणजे सिलेक्टिन. इजा झाली की भिंतीच्या पेशी आत साठवलेलं पी-सिलेक्टिन काही मिनिटांतच बाहेर आणतात. ई-सिलेक्टिन नव्याने तयार करावं लागतं, त्याला काही तास लागतात. पांढऱ्या पेशीवर चार शर्करांची एक खूण असते, त्यांतली एक फ्यूकोज. या खुणेचं नाव सियालिल लुइस एक्स. सिलेक्टिन ती खूण पकडतं, क्षणभरात सोडतं, तोवर पुढच्या सिलेक्टिनने दुसरी पकडलेली असते.

मला यात सर्वांत विलक्षण वाटतो तो या पकडीचा कच्चेपणा. ती पक्की असती, तर पेशी पहिल्या स्पर्शालाच जागेवर खिळली असती. कच्ची असल्यामुळे तिला गडगडत भिंतीवरचे रासायनिक इशारे घेता येतात. इशारा मिळाला की इंटेग्रिन नावाची प्रथिनं घट्ट धरतात, पेशी थांबते, आणि भिंतीतून पलीकडे काट्याकडे सरकते.

माझ्या भावाचा रक्तगट ‘बॉम्बे’ निघाला. त्याच्या पांढऱ्या पेशींनाही चिकटता येत नसेल का? (ठाणे)

येतं. त्याबाबत निश्चिंत राहा. पण तुमची शंका अगदी मुळाशी जाणारी आहे. हा गट १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रथम नोंदवला. तांबड्या पेशीवरच्या साखळीच्या टोकाला एक फ्यूकोज जोडला की ‘एच’ खूण तयार होते आणि तिच्यावरच ‘ए’ किंवा ‘बी’ची शर्करा चढते. तुमच्या भावाकडे तो फ्यूकोज जोडणारं विकर काम करत नाही. पांढऱ्या पेशींवर फ्यूकोज जोडणारं विकर वेगळं आहे, ते शाबूत असतं.

मात्र १९९२ साली इस्रायलमधल्या दोन मुलांची नोंद झाली, त्यांच्यात दोन्ही गोष्टी एकत्र होत्या: रक्तगट बॉम्बे, आणि संसर्ग वारंवार होऊनही पू होत नव्हता. रक्तात पांढऱ्या पेशी भरपूर, पण जखमेपाशी पोचत नव्हत्या. अशा आजारात फ्यूकोज पेशीतल्या जोडणीच्या जागेपर्यंत नेणारं प्रथिनच बिघडलेलं असतं, त्यामुळे सगळ्याच साखळ्या त्याविना राहतात. हा आजार अत्यंत दुर्मीळ आहे आणि लहानपणीच कळून येतो. काही मुलांना तोंडावाटे फ्यूकोज देऊन फरक पडला.

भावाची खरी काळजी वेगळी आहे. नेहमीच्या तपासणीत त्याचा गट ‘ओ’ वाटू शकतो, पण ‘ओ’ रक्त त्याला चालत नाही. बॉम्बे गटाचंच लागतं. रक्तगटाची चिठ्ठी पाकिटात ठेवा, रक्तपेढीत दुर्मीळ रक्तदाता म्हणून नाव नोंदवा, आणि तुम्हा भावंडांचीही तपासणी करून घ्या. तुमच्यापैकी आणखी कुणाचा गट तोच निघू शकतो.

लघवीच्या संसर्गावर मॅनोजची पावडर घ्यावी का? (पुणे)

कल्पना पटण्याजोगी आहे. असा संसर्ग बहुतेकदा ज्याच्यामुळे होतो, त्या ई. कोलाय जिवाणूच्या अंगावरच्या केसांसारख्या तंतूंच्या टोकाला एक प्रथिन असतं, ते मूत्राशयाच्या पेशींवरचा मॅनोज धरतं, आणि लघवीच्या प्रवाहाने ओढ बसली की ही पकड उलट घट्ट होते. सुटा मॅनोज दिला तर जिवाणू त्यालाच धरतील, हा त्यामागचा विचार. पण ब्रिटनमध्ये सुमारे ६०० महिलांना सहा महिने रोज देऊन पाहिलं, आणि २०२४ मध्ये निष्कर्ष आला की संसर्ग पुन्हा होणं त्याने टळत नाही. पावडरीच्या भरवशावर डॉक्टरांचं औषध थांबवू नका.